उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत

आंजीहून निघाले तेव्हा दुकानाचा तराजू माझ्या मांडीवर होता. मागे गाद्या आणि गंज-भांड्यांमध्ये टाकला तर दांडी वाकेल, म्हणून मी तो कोणाच्या हाती दिलाच नाही. मेटॅडोरचा ड्रायव्हर गावातलाच माणूस. तो म्हणाला, “काकू, वर्धेले दुकान टाकता का?”

मी म्हटलं, “नाई रे बाप्पा. पण इथं तरी कोणाच्या भरोशावर ठेवू?”

बिचाऱ्यानं थट्टा केली होती. माझं उत्तर ऐकून त्यानं गाडी सुरू केली.

गल्लीतल्या बाया रस्त्यापर्यंत आल्या होत्या. आमच्याकडे निघताना बायासुद्धा ‘येतो’च म्हणतात, पुरुषासारखं. मी एकेकीला म्हणत गेले, येतो बाई, येतो माय, येतो वं. त्या म्हणत गेल्या, येजो. जाते असं कोणी म्हणत नाही. घर सोडून कायमची चाललेली बाईही येतोच म्हणते, आणि समोरचीला सगळं ठाऊक असून ती येजोच म्हणते. माझी मोठी जाऊ इंदूबाई मात्र छपरीतून खाली उतरली नाही. खांबाला धरून उभी राहिली. मी पाया पडले तर म्हणाली, “डॉक्टरची माय झाली तू आता. आमची नाडी पाहाले तरी येत जाजो.”

सगळ्या हसल्या. माझा दिवाकर काही डॉक्टर नाही. वर्धेबाहेरच्या टेकडीवर हिंदीचं विद्यापीठ झालं, त्याच्या दवाखान्यात त्याला औषधं देण्याची नोकरी लागली होती. पण गावानं त्याला परस्पर डॉक्टर करून टाकलं आणि मीही कधी कोणाला अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी दिवाकरचे बाबा गेले. त्यानंतर काही वर्षं मी एकटीनं दुकान चालवलं. साखर, तेल, फुटाणे, बिडीकाडी. मग गुडघे बोलू लागले आणि दिवाकर म्हणाला, “आई, आता पुरे. क्वार्टर मिळालंय, दोन खोल्या आहेत, चोवीस तास पाणी आहे.” तो पाणी-पाणी इतक्यांदा म्हणाला की मला वाटलं, मी काय तहानेनं मरून राह्यली की काय.

आता तुम्ही म्हणाल, आंजीहून वर्धेला गेलेल्या बाईनं गाव सोडल्याच्या आठवणी काय लिहाव्या. यष्टीत बसलं तर तासाभराच्या आत पोचतं. आमच्या गल्लीतली लेकरं पुण्याला गेली, एक तर समुद्रापार गेला, त्यांनी लिहावं. खरं आहे. पण बाळांनो, तुम्ही दूर गेलात म्हणून तुम्हाला कोणी हसत नाही. माझ्यासारखीची पंचाईत अशी की रडायची सोयच नाही. ज्याला सांगावं तो म्हणतो, अवं, एवढं तर जवळ आहे, जाऊन ये ना.

टेकडीवर तेव्हा नवी रोपं लावलेली होती, काठीला बांधलेली. बाकी सगळा मुरूम. उन्हाळ्यात तो असा तापायचा की दुपारी खिडकी उघडली तर तोंडावर तव्याची वाफ आल्यासारखं व्हायचं. क्वार्टर स्वच्छ, भिंती पांढऱ्या. सून वैशाली नालवाडीच्या एका शाळेत शिकवायची. सकाळी ती स्कूटीवर जायची, नऊला दिवाकर दवाखान्यात. मग मी. भांडी घासून झाली की मी आणि कूलरचा आवाज. शेजारी एक मास्तर राहायचे बिहारकडचे, पलीकडे बंगालचे. दारं बंद. भली माणसं, समोर दिसली की हात जोडायची. पण आंजीत दुकानाच्या ओट्यावर दिवसभरात अख्खं गाव येऊन जायचं. कोणाची सून रुसली, कोणाच्या पऱ्हाटीवर बोंडं किती आली, सगळं मला बसल्या जागी कळायचं. इथं मला शेजारच्या घरी भाजी कोणती हे कळत नव्हतं. तराजू मी कोठीच्या दाराला टांगून ठेवला होता. कधीकधी उगीच एका पारड्यात लिंबू टाकून बघायची.

म्हणून मी दवाखान्यात जाऊ लागले.

दवाखाना म्हणजे त्यांचं ‘स्वास्थ्य केंद्र’. पाट्या सगळ्या हिंदीत. समोर व्हरांडा, त्यात लाकडी बाकडं. आत डॉक्टरांची खोली, ते गावातून अकराला यायचे आणि दोन तास बसायचे. बाजूला दिवाकरची औषधांची खिडकी. पुढे दोन खाटांची एक खोली, एखादं पोर फारच आजारी पडलं तर तिथं झोपवायचे. शेवटी एक लहान खोली होती, तिच्यावर पाटी ‘परामर्श’. ते काय असतं हे मला खूप दिवस कळलं नव्हतं. मागच्या हॉलमध्ये सकाळी योगाचा वर्ग भरायचा, शिकवणारे सर वारंवार सांगायचे की माताजी आप भी आइए. मी एकदा गेले. सगळे डोळे मिटून बसले होते. अर्धा तास एवढी माणसं एका जागी आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मी परत गेले नाही.

बाकडं मात्र मला आवडलं. मीरा सिस्टर आमच्याकडच्याच, जाम गावच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काकू, काय होते तुमाले?”

“काई नाई.”

“मंग काऊन आल्या?”

“पाहाले आली.”

त्या हसल्या, माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि बीपी पाहिलं. मग वजनाच्या काट्यावर उभं केलं. जन्मभर मी दुसऱ्याचं तोललं, मला कोणी तोललं नव्हतं. रोज सकाळी मी जायची. सिस्टर हाताशी काम नसलं की पट्टा बांधायच्या. तो पट्टा फुगून दंड आवळायचा ना, तेव्हा बरं वाटायचं. कोणीतरी हात धरल्यासारखं. हे मी दिवाकरला कधी सांगितलं नाही. तो बिचारा समजायचा, आईला बीपीची काळजी आहे.

बाकड्यावर बसलं की पोरं-पोरी दिसायची. कुठकुठची लेकरं, कोणी राजस्थानची, कोणी आसामची. आली की मी विचारायची, “क्या हुआ बेटा?” दुकानात बसून सवयच तशी, आणि आवाजही दुकानाचा. पोरं सांगायची, सर्दी, पोट, चक्कर. मी म्हणायची, कल आके बताना कैसा है.

त्यात गुरुवारची भानगड झाली. गुरुवारी नागपूरहून एक मॅडम येऊन त्या ‘परामर्श’च्या खोलीत बसायच्या. ज्यांच्या मनाला काही त्रास असेल त्यांनी त्यांच्याशी बोलायचं. एका गुरुवारी त्या बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि फार गोड बोलून म्हणाल्या, “माताजी, एक विनती है. गुरुवार को आप यहाँ न बैठें तो अच्छा रहेगा. बच्चे चाहते हैं कि उन्हें आते हुए कोई न देखे.”

मला आधी समजलंच नाही. मग आठवलं. दोन-तीन पोरं व्हरांड्यापर्यंत आली होती, मी जोरात विचारलं होतं क्या हुआ बेटा, आणि ती ‘कुछ नहीं’ म्हणून माघारी गेली होती. मी म्हटलं, हो, हो, बरोबर आहे. घरी आले. खरं सांगते, मॅडमचं काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवशी मला कळलं की आमच्याकडे दुःख सांगायला माणसं ओट्यावर येतात आणि इथं ते सांगायला ओटा रिकामा करावा लागतो. दोन्ही आपापल्या जागी ठीकच असेल. मी मात्र मधल्यामध्ये राहिले. गुरुवार घरात काढू लागले.

पावसाळा संपता संपता एका पोरीला दवाखान्यात ठेवलं. श्रीजा नावाची, केरळची, हिंदी शिकायला आलेली. कावीळ झाली होती. होस्टेलात बाकीच्या पोरींना नको, म्हणून तिला इथल्या खाटेवर आणलं होतं, सलाइन लावायला आणि नजरेखाली राहायला. डोळे हळदीसारखे. पडून राहायची. सिस्टर म्हणाल्या, “काकू, घरी सांगितलंच नाई तिनं. माय घाबरते म्हणते. अन् आता म्हणते, बरं वाटलं का सगळं सोडून जातो, पुन्हा येत नाई.”

“अन् पाहाले कोण येते?”

“कोण येणार? पोरी येतात, दारातून हात हलवतात.”

आता बघा. आंजीत कोणी खाट धरली की समाचाराला जायचं असतं. तिथं बोलावणं लागत नाही. भांडण असलं तरी जायचं. रिकाम्या हातानं जायचं नाही, निदान एक पपई तरी न्यायची. खाटेजवळ बसायचं, आजाराचं कमी आणि इकडचं तिकडचं जास्त बोलायचं. आणि उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही. इतर कोणत्याही घरून येतो म्हटल्याशिवाय उठणं वाईट, पण आजाऱ्याच्या घरून म्हणणं वाईट. पुन्हा समाचाराला यायची वेळ येवो असं म्हटल्यासारखं होतं ना ते. म्हणून खाटेच्या कडेला हात टेकवायचा, उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. मला हे कोणी शिकवलं नाही. लहानपणापासून आईच्या मागे मागे जाऊन अंगात उतरलं.

मी कागदात फुटाणे बांधले, कावीळ झालेल्याला आमच्याकडे फुटाणे देतात, आणि डब्यात भाताची पेज घेतली, पातळ, मीठ घातलेली. दिवाकर खिडकीतून म्हणाला, “आई, ती पेशंट आहे, पाहुणी नाही.”

मी म्हटलं, “पेशंटच्याच समाचाराले जातात, पाहुण्याच्या नाई.”

त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, हात धुवायला सांगा.

श्रीजानं डब्याचं झाकण उघडलं आणि म्हणाली, “कंजी?” त्यांच्याकडे पेजेला असंच काहीतरी म्हणतात म्हणे. दोन घोट घेतले. तिची हिंदी पुस्तकातली, प्रत्येक शब्द धुऊन ठेवलेला. माझी हिंदी म्हणजे नागपूरच्या व्यापाऱ्यांशी बोलून आलेली. ती म्हणायची, “अम्मा, आप कष्ट न करें.” मी म्हणायची, “कष्ट कायका, बैठे-बैठे पाय अकड गए मेरे.” तिला हसू यायचं, पण हसायला ताकद नव्हती.

मी रोज गेले. तिला आंजीचं सांगितलं, दुकानाचं, इंदूबाईचं. ती तिच्या घरामागच्या नदीचं सांगायची. निघायची वेळ झाली की मी खाटेच्या कडेला हात टेकवायची आणि उठून चालू लागायची. आमच्या पद्धतीनं. दिवाकरच्या जेवणाची वेळ व्हायची, ते बोलता बोलता मध्येच आठवायचं आणि मी तशीच उठायची.

पण पोरगी दिवसेंदिवस मिटत चालली. डॉक्टर म्हणत कावीळ उतरतेय, आणि इकडे ती माझ्याशी बोलेना. मी आले की उठून बसायची ती बसेना. एक दिवस पेजेला हातही लावला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “अम्मा, आप मत आया कीजिए. आपको अच्छा नहीं लगता, फिर भी आती हैं.”

मला अच्छा नहीं लगता. दिवसभरात तेवढीच एक वेळ मी माणसात असायची.

मी डबा उचलला. घरी आले आणि कूलर बंद करून बसले. आधी बाकड्यावरून उठवलं, आता खाटेजवळून. मनात म्हटलं, कमल, तुझं इथं कोणालाच काम नाही. संध्याकाळी दिवाकरला म्हटलं, “मी आंजीले जातो.”

“किती दिवस?”

“पाहू.”

वैशाली म्हणाली, “आई, मी काही चुकले का?” नाही गं बाई, तू काय चुकणार. पण तिला कसं सांगावं की कोणाचंच काही चुकत नसताना माणूस कसं वाळतं.

दुसऱ्या दिवशी यष्टीत बसले. पिशवीत साड्या जरा जास्तच घेतल्या होत्या. मनात होतं, परत यायचंच नाही.

आंजीत उतरले. रस्त्याला भेटलेली पहिली बाई म्हणाली, “काय वं काकू, कधी आल्या? किती दिवस हाये मुक्काम?” दुसरीनंही तेच विचारलं. तिसरीनंही. मायेनंच विचारत होत्या. पण मुक्काम पाहुण्याला विचारतात. आमच्या दुकानाच्या जागी पुतण्यानं खताची पोती ठेवली होती. ते मीच सांगून गेले होते, रिकामं ठेवू नको म्हणून. तरी ओट्यावर बसायला गेले तर खताच्या वासानं नाक भरलं. फुटाण्याच्या डब्यांचा वास त्या भिंतींतून निघून गेला होता.

दुपारी इंदूबाईजवळ बसले. ती सुपात तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं, बाकड्याचं, गुरुवारच्या मॅडमचं, आणि केरळच्या पोरीचं. मी सांगत होते आणि ती तुरीतले खडे काढत होती. शेवटी म्हणाली, “उठताना तू काय म्हणत होती तिले?”

“काय म्हणू? समाचाराले गेल्यावर म्हणते का कोणी काई?”

“अना तिले ठावं होतं का थे?”

इंदूबाईनं सूप खाली ठेवलं. “पोट्टी परमुलखातली. रोज एक बाई येते, पेज पाजते, गोष्टी सांगते, अन् मध्येच उठून तोंड फिरवून चालली जाते. येतो नाई, जातो नाई. तुले कोणी असं केलं तर तू काय समजशीन?”

“रागावली समजीन.”

“मंग.”

मी म्हटलं, “बाई, उद्या जाऊ का परत?”

ती म्हणाली, “उद्याची यष्टी कोण पाह्यली. चारची हाये अजून.” आणि मग, जरा थांबून, “मले वाटलं होतं, राह्यशीन दोन-चार महिने.” हे तिनं सुपाकडे बघत म्हटलं. निघताना मी येतो म्हटलं. ती येजो म्हणाली. या वेळी ती उतरून फाट्यापर्यंत आली, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत.

मी टेकडीवर पोचले तेव्हा दवाखाना बंद व्हायला आला होता. श्रीजाला होस्टेलात परत पाठवलं होतं. दिवाकर म्हणाला, तिनं शेवटी घरी फोन केला, मामा येतोय न्यायला. त्या पोरीच्या होस्टेलात मी पहिल्यांदाच गेले. चौकीदार विचारू लागला, आप कौन. मी म्हटलं, समाचार लेने आई. त्याला समजलं नाही, पण त्यानं सोडलं.

ती बॅग भरत होती. सगळीच बॅग, पुस्तकंसुद्धा. मी खाटेवर बसले आणि माझ्या त्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. आजाऱ्याकडून उठताना का बोलत नाहीत, का मागे बघत नाहीत, कशाला भितात. सांगता सांगता मला वाटू लागलं की हे दुसऱ्या भाषेत किती खुळ्यासारखं ऐकू येतं. ती ऐकत होती. मग तिनं तिचं सांगितलं. त्यांच्या घरीही निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘जाऊन येते’ असंच म्हणतात. तिची आई दाराशी ते म्हणवून घेतल्याशिवाय सोडत नाही. जो म्हणत नाही तो नातं तोडून चाललेला असतो. म्हणजे मी जेवढे दिवस तिच्या जिवासाठी गप्प उठत होते, तेवढे दिवस ती खाटेवर पडून विचार करत होती की मी हिचं काय बिघडवलं.

“अम्मा,” ती म्हणाली, “आप मेरे लिए नहीं बोलती थीं?”

“और किसके लिए?”

मग ती हसली. त्या पोरीचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. डोळे अजून पिवळेच होते. मग हसता हसता रडली, तेही बरं झालं.

दोन दिवसांनी मामा आला. रिक्षात बसताना श्रीजा तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. मी म्हटलं, येजो. रिक्षा गेल्यावर मला कळलं, पुस्तकांची पिशवी तिनं मैत्रिणीच्या खोलीत ठेवली होती. तरी ती परत येईल असा मला भरोसा नव्हता. दिवाळी आली, गेली. मी बाकड्यावर बसायची, गुरुवार सोडून. सिस्टर पट्टा बांधायच्या. मग थंडीत एका सकाळी कोणीतरी मागून येऊन माझ्या मांडीवर केळ्याच्या वेफरची एवढी मोठी पिशवी ठेवली.

गुरुवारच्या मॅडमकडे मीही एकदा जाऊन आले. श्रीजानंच नेलं, ती बाहेर राखणीला बसली, कोणी बघू नये म्हणून. मॅडमनी विचारलं, यहाँ मन लगता है? मी आंजीपासून सुरू केलं ते त्यांची बस यायची वेळ झाली तरी संपलं नव्हतं. त्यांनी औषध काही दिलं नाही. म्हणाल्या, माताजी, अगले गुरुवार को आगे का बताइए.

पुढे श्रीजाचं शिक्षण झालं, ती तिकडे शिक्षिका झाली. जाताना ‘येतो’ म्हणाली, अगदी आमच्यासारखं. अजून आलेली नाही. टेकडीवरच्या रोपांची आता झाडं झाली. सिस्टरांची बदली झाली. इंदूबाई गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत मी समाचाराला गेले होते आणि उठताना काही बोलले नाही, आणि तिनंही डोळ्यांनीच जा म्हटलं. आंजीत आता मला येजो म्हणणारी दोन-तीनच तोंडं उरली आहेत. क्वार्टरात दुपारी अजून कूलर आणि मीच असते. ते काही बदललं नाही, आणि बदललं असं लिहून तुम्हाला फसवत नाही.

पण एक सांगायचं राहिलं. श्रीजा शिकत होती त्यातल्या शेवटच्या थंडीत माझी छाती भरली. डॉक्टरांनी मला त्याच खोलीत झोपवलं, त्याच खाटेवर. दिवाकर दर थोड्या वेळानं डोकवायचा, वैशाली शाळा सुटली की यायची. आंजीहून फोन आला. इंदूबाईचे गुडघे, ती यष्टीत चढू शकत नव्हती. फोनवरच म्हणाली, “पडून राह्यजो मुकाट्यानं.” मी व्हरांड्यातल्या चपलांचे आवाज ऐकत पडून राहायची. सगळे आवाज औषधाच्या खिडकीपाशी थांबायचे आणि परत जायचे. आंजीत एवढ्यात खाटेभोवती बसायला जागा उरली नसती.

चार वाजता श्रीजा आली. हातात कागदाची पुडी. फुटाणे. मी म्हटलं, “अगं, ते कावीळवाल्यांसाठी, छातीसाठी नाही.” ती म्हणाली, “खाली हाथ नहीं आते ना.” खाटेजवळ बसली. आजाराचं काही विचारलं नाही. परीक्षेचं सांगितलं, मेसमधल्या डाळीची थट्टा केली, योगाच्या वर्गात एक पोरगा घोरला ते करून दाखवलं. मला हसून खोकला आला.

मग ती उठली. खाटेच्या कडेला हात टेकवला. दारापर्यंत गेली आणि तिथं क्षणभर थांबली. सवयीनं तिचे ओठ हलले, मला दिसलं. मग तिनं ते गिळलं आणि मागे न बघता चालू लागली.

मी खाटेवर पडून ऐकत होते. चपला व्हरांड्यातून, बाकड्याजवळून पुढे, पायऱ्यांवरून खाली मुरमात गेल्या. आता कोणी विचारलं, काकू तुमचं गाव कोणतं, तर तोंडातून आंजीच निघतं, आणि मेल्यावरही निघेल. पण त्या संध्याकाळी त्या चपला एकदाही वळल्या नाहीत, आणि ते ऐकत ऐकत या टेकडीवर मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.